ट्रॅक्टरच्या नोटेचे लाख रुपये

प्रस्तुत लेखकाच्या मामांनी मंचरच्या बाजारात कांदा विकला, पट्टी घेतली आणि घरी येताना मोबाइलवर जाहिरात पाहिली: ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट द्या, लाखो रुपये घ्या. तशी नोट मामींच्या डब्यात होतीच. फोन लावला. पलीकडून रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्र आलं. मग नोंदणीचे पैसे, जीएसटीचे पैसे, विम्याचे पैसे. कांद्याची बरीचशी पट्टी त्यात गेली. नोट अजून मामींकडेच आहे आणि आजही चलनात आहे, पाच रुपयांना.

अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर इशारा दिला होता. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही आणि त्यासाठी शुल्क किंवा कमिशनही मागत नाही.

जुन्नर-आंबेगावात या भूलथापा चालतात, कारण ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र इथे अजून ताजी आहे. पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या आणि १४ नोव्हेंबरपासून जिल्हा बँकांना त्या घ्यायलाही मनाई झाली. सोसायटीचं पीककर्ज ज्या बँकेतून मिळतं, तिचाच दरवाजा बंद! पुणे जिल्हा बँकेसह राज्यातल्या आठ जिल्हा बँकांकडे आधीच जमा झालेल्या सुमारे ११२ कोटींच्या नोटाही पुढे अडकून पडल्या.

आजी गेल्यावर ट्रंकेत, कणगीत या बाद नोटांची पुडकी आजही सापडतात. त्यांचं चलनी मूल्य शून्य आहे. ‘कमिशनवर बदलून देतो’ म्हणणारा थाप मारतो. शिवाय २०१७ च्या कायद्यानुसार अशा दहापेक्षा जास्त नोटा बाळगणं गुन्हा आहे. अभ्यासक आणि संग्राहकांना पंचवीसपर्यंत मुभा आहे. दंड दहा हजार रुपये किंवा दर्शनी मूल्याच्या पाचपट, यांतल्या मोठ्या रकमेपर्यंत होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयानं २ जानेवारी २०२३ रोजी नोटाबंदी वैध ठरवली.

दोन हजारच्या नोटेची गोष्ट वेगळी. ती १९ मे २०२३ ला मागे घेण्याचं जाहीर झालं, पण बाद झाली नाही. गावच्या बँकेत बदलण्याची मुदत ७ ऑक्टोबर २०२३ ला संपली. त्यानंतर मुंबई, बेलापूर, नागपूरसह रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांची वाट खुली ठेवली गेली. टपालानं नोट पाठवून रक्कम स्वतःच्या खात्यात जमा करून घेण्याचीही सोय केली गेली. म्हणजे ती नोट निम्म्या किमतीत कुणाला देऊ नये.

चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बाद आहेत. आठ आणे मात्र चालतात. दुकानदार नाही म्हणाला तरी.

आणि जमिनीतून निघालेली नाणी? जुन्नर ही सातवाहनांची भूमी, शिवनेरीचा परिसर; नांगराला नाणं लागलं तर नवल नाही. ते परस्पर विकू नये. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचं गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. तहसील कार्यालयात लेखी खबर देऊन पोच घ्यावी. वाडवडिलांकडून आलेली शिवराई असेल, तर जाणकार नाणकशास्त्रज्ञाला प्रत्यक्ष दाखवावी. मोल ठरतं टाकसाळ, दुर्मीळता आणि अवस्था यांवर. फोटो बघून फोनवर लाखाचा आकडा सांगणाऱ्यावर विसंबू नये.

खरं गिऱ्हाईक विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे मागत नाही. तरीही पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये. त्याच तासाला १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवावं आणि संदेश, पावत्या, नंबर यांतलं काहीही पुसू नये. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.