पासवर्ड बदलताना मागे काय उरतं

आता सर्व्हर तुझ्याकडे येतोय, तर पोस्टग्रेसच्या मुख्य यूजरचा पासवर्ड बदलायचं आधी नीट समजून घे. काम एका ओळीचं, म्हणूनच लोक घाईत उरकतात. पासवर्ड बदलला की नाही ते लगेच कळतं. तो आणखी कुठे कुठे लिहिला गेला ते मात्र कोणी सांगत नाही, आणि खरी काळजी त्याचीच घ्यायची.

उबुंटू किंवा डेबियनवर आत शिरायला जुना पासवर्ड सहसा लागतच नाही. सुडो वापरून 'पोस्टग्रेस' यूजरच्या नावाने पीएसक्यूएल चालवायचं. तू कोण हे ऑपरेटिंग सिस्टिमच सांगते. या पद्धतीला पीअर म्हणतात. आत गेल्यावर बहुतेक जण 'अल्टर यूजर' लिहून अवतरणचिन्हांत नवा पासवर्ड टाकतात. ही सवय तू लावून घेऊ नकोस गं. ती ओळ जशीच्या तशी होम फोल्डरमधल्या हिस्टरी फाइलमध्ये जाऊन बसते. सर्व्हर स्टेटमेंट्स लॉग करत असेल तर लॉगमध्येही उतरते. लॉगचा बॅकअप होतो, बॅकअप दुसऱ्या मशीनवर जातो, आणि ज्याला डेटाबेसला हात लावायचीही परवानगी नाही त्याला मुख्य पासवर्ड वाचता येतो. सगळा हुकूम टर्मिनलवरच एका ओळीत लिहिणं तर त्याहून वाईट. तो शेलच्या हिस्टरीत राहतोच, शिवाय चालू असताना प्रोसेसच्या यादीतही दिसू शकतो.

त्यापेक्षा पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश, त्याला चिकटून 'पासवर्ड', मग जागा सोडून यूजरचं नाव, एवढंच लिही. तो नवा पासवर्ड दोनदा विचारेल, टाइप करताना अक्षरं दिसणार नाहीत. पासवर्डचा हॅश तुझ्या बाजूलाच तयार होतो आणि सर्व्हरकडे तो हॅशच जातो.

हे करण्याआधी 'शो पासवर्ड_एन्क्रिप्शन' विचारून बघ. हॅश कोणत्या पद्धतीने होतो ते त्यातून कळतं. २०१७च्या १०व्या आवृत्तीत स्क्रॅम ही पद्धत आली, २०२१च्या १४व्या आवृत्तीपासून तीच डीफॉल्ट आहे. जुन्या सर्व्हरवर एमडी५ ही आधीची पद्धत दिसली तर स्क्रॅम लाव, पण आधी तिथले ड्रायव्हर ते पेलतात का तपास. सेटिंग बदलल्याने जुने हॅश बदलत नाहीत, प्रत्येक यूजरचा पासवर्ड नव्याने द्यावा लागतो.

पासवर्ड खरंच आठवत नसेल आणि पीअरही नसेल, तर पीजी_एचबीए फाइलमध्ये फक्त स्थानिक जोडणीची ओळ 'ट्रस्ट' करून रीलोड करायचं, पासवर्ड द्यायचा, ओळ लगेच पूर्ववत करून पुन्हा रीलोड. मध्ये चहालासुद्धा उठायचं नाही. तेवढा वेळ त्या मशीनवरच्या कोणालाही दार सताड उघडं असतं.

नवा पासवर्ड तपासताना होस्ट म्हणून 'लोकलहोस्ट' दे. नाहीतर पीअर तुला पासवर्ड न विचारताच आत घेईल आणि तुला वाटेल सगळं जमलं. तपासणी दुसऱ्या टर्मिनलमधून कर, पहिलं सेशन तोवर उघडं ठेव.

आणखी एक. पासवर्ड बदलला तरी आधीपासून जोडलेली सेशन तुटत नाहीत. जुना पासवर्ड धरून बसलेलं अॅप दिवसभर बिनतक्रार चालतं आणि रात्री रीस्टार्ट झालं की अडकतं. म्हणून आधी पीजी_स्टॅट_अॅक्टिव्हिटीमध्ये या यूजरच्या नावाने कोण कोण जोडलंय ते बघून घे. बॅकअपची स्क्रिप्ट तिथे दिसणार नाही, कारण ती तेवढ्यापुरती येऊन जाते. तिचा पासवर्ड ज्यात असतो ती पीजीपास फाइल आठवणीने बदल, परवानगी ०६०० ठेव (लिनक्सवर त्याहून सैल असली तर फाइल वाचलीच जात नाही), आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत आधी बॅकअपचा लॉग उघड.