अकरा खेळ्यांचा डाव

झटपट खेळल्या जाणाऱ्या डावांत चुका होतात हे सर्वज्ञात आहे. परंतु त्या कोणत्या जातीच्या असतात, याचा विचार क्वचितच होतो. त्या दृष्टीने १९१० साली व्हिएन्ना येथे झालेला एक डाव अभ्यासण्याजोगा आहे. पांढऱ्या बाजूने खेळणारा रिखार्ड रेटी त्या शहरात गणित शिकलेला. काळ्या बाजूच्या साव्हिएली तार्ताकोवरने आदल्याच वर्षी तेथील विद्यापीठाची कायद्यातील डॉक्टरेट मिळवली होती. डाव स्पर्धेतला नव्हे, सहज मांडलेला. चूक मात्र हुबेहूब झटपट डावांतली.

तार्ताकोवरने कारो-कान बचाव स्वीकारला. पाचव्या खेळीस त्याने राजापुढील प्यादे दोन घरे सरकवून पटाचा मध्य मोकळा केला. ही घाई होती. त्याचा राजा मूळ घरीच होता आणि एक घोडा वगळता सारे मोहरे जागचे हललेले नव्हते. पुढे वजिराने शह देऊन त्याने गेलेले प्यादे परत मिळवले, आणि पांढऱ्याचा मध्यावरील घोडा संकटात सापडला. रेटीने तो वाचवला नाही. वजिराच्या बाजूस किल्लेकोट करून त्याने हत्ती मोकळ्या उभ्या पट्टीत, आपल्या वजिरामागे आणला.

काळ्याने घोड्याने घोडा मारला. हिशेब बिनचूक दिसतो: मारणाऱ्या घोड्याला वजिराचा आधार आहे, तेव्हा पांढऱ्या वजिराने तो घेतल्यास वजीरच गमवावा लागेल. घाईत मन येथेच थांबते. मोहरा पदरात पडला की पुढचे शह मोजायचे राहून जातात, त्यातही वेडगळ भासणारे शह तर हमखास.

नवव्या खेळीस पांढरा वजीर काळ्या राजाच्या शेजारी शह देत जाऊन बसला. (पाश्चात्त्य या मोहऱ्यास राणी म्हणतात, आपल्याकडे हा बळी त्या मानाने कमी हृदयद्रावक ठरतो.) राजाने त्याला मारणे भागच होते. मग पट्टीतला उंट दूर सरला आणि उंटाचा व त्याच्यामागील हत्तीचा असे दोन शह एकदम बसले. तो उंट काळ्या वजिराच्या आणि घोड्याच्याही माऱ्यात उघडा उभा होता. पण त्याला मारले तरी हत्तीचा शह उरतोच. दुहेरी शहावर राजा हलवणे एवढाच उपाय असतो. राजा मूळ घरी परतता, तर हत्तीने मात झाली असती. तो पुढे आला, म्हणून उंटाने झाली.