डोळा दुखत नाही ना? मग आधी दाखवा

चाकणच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये ग्राइंडरचा कण डोळ्यात गेला की माणूस कळवळतो आणि त्या कळेपायीच डॉक्टर गाठतो. माझ्या उजव्या डोळ्यात जखम झाली तेव्हा मला पत्ताच नव्हता. डोळा लालभडक झालाय, हे बायकोने सांगितलं.

त्याआधी कपाळावर नागीण उठली होती, नाकाच्या शेंड्यावरही फोड होते. जवळच्या दवाखान्यात नुसतं मलम मिळालं. डोळा कुणी बघितला नाही. फोड सुकले, आग थांबली, मी कामावर रुजू झालो. पुढे नेत्रतज्ज्ञांनी कापसाला पीळ देऊन त्याचं टोक डाव्या कॉर्नियाला, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याला, टेकवलं, पापणी खाडकन मिटली. उजव्याला टेकवलं, काहीच जाणवलं नाही.

कपाळ, नाकाचा शेंडा आणि कॉर्निया, तिन्हींची संवेदना मेंदूच्या पाचव्या नसेच्या एकाच शाखेतून जाते. ती शाखा नागिणीने जायबंदी झाली की पापणी कमी लवते, कॉर्नियाला नसांतून मिळणारं पोषण तुटतं आणि साधा ओरखडाही चिघळतो.

भुवईच्या आतल्या भागावर बोट दाबत न्या, हाडाला खाच लागेल. कपाळाची नस तिथून वर येते. उजव्या कॉर्नियाला स्पर्श परत मिळावा म्हणून शस्त्रक्रियेत माझ्या डाव्या बाजूच्या त्या नसेला पोटरीतल्या नसेचा तुकडा जोडला, नाकाच्या मुळावरून कातडीखालून उजव्या डोळ्यापर्यंत नेला आणि टोकाचे धागे सुटे करून कॉर्नियाभोवती बसवले. नस दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते, त्यामुळे स्पर्श कळायला कित्येक महिने गेले. पावलाची बाहेरची कड बधिर झाली, ती किंमत मला मान्य आहे. तशी जखम पुन्हा झाली नाही. जुन्या जखमेचा पांढरा डाग मात्र तसाच आहे. त्या डोळ्याने मायक्रोमीटर वाचता येत नाही.

म्हणून भोसरी-चाकणच्या माझ्या भावांनो, कपाळावर किंवा नाकावर नागीण उठली तर लेप लावून, तिची तोंडं जुळतात का ते बघत बसू नका. विषाणूवरच्या गोळ्या शक्यतो 72 तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात. वेल्डिंगने डोळे चुरचुरले म्हणून कुणी बधिर करणारे थेंब दिले, तर घरी नेऊन टाकू नका; त्यांच्या वारंवार वापराने कॉर्निया खराब होतो. ईएसआय कार्ड असेल तर मोहननगरचं रुग्णालय आहे, नाहीतर वायसीएम आहे. नागीण होऊन गेली असेल तर ते आधी सांगा, आणि कुठलाही थेंब टाकण्यापूर्वी कापसाने डोळ्याचा स्पर्श तपासून घ्या.