डॅन्यूबच्या काठावरचा शेवटचा दिवस

सुट्टीचा पहिला दिवस सर्वांना आवडतो. शेवटचा दिवस मात्र घाईत जातो. कोणी सामान बांधतो, तर कोणी दुकाने पालथी घालतो. समजा, तुम्ही युरोपातील हंगेरी देशाच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये आहात. रात्री तुमचे विमान सुटणार आहे. हा दिवस तुम्ही कसा घालवाल? चला, आपण नदीच्या काठाकाठाने जाऊ या.

ही नदी आहे डॅन्यूब. ती जर्मनीत उगम पावते, सुमारे २८५० किलोमीटर वाहते आणि काळ्या समुद्राला मिळते. तिच्या एका तीरावर टेकड्या आहेत. तो भाग म्हणजे बुडा. दुसऱ्या तीरावर सपाट जमीन आहे. तो भाग म्हणजे पेस्ट. पूर्वी ही वेगवेगळी शहरे होती. बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही तीन शहरे १८७३ मध्ये एक झाली.

सकाळी बुडाकडील एका टेकडीवर चढा. तेथे गुल बाबा नावाच्या दरवेशांची कबर आहे. ते तुर्की सैन्याबरोबर येथे आले आणि १५४१ मध्ये वारले. बुडावर तुर्कांचे राज्य १५४१ पासून १६८६ पर्यंत होते. 'गुल' या शब्दाचा अर्थ तुम्हांला सांगायला नकोच! कबरीभोवती गुलाबांची बाग आहे. टेकडीच्या हंगेरियन नावाचा अर्थही 'गुलाबांची टेकडी' असाच आहे. तुर्कांचे राज्य गेले, पण त्यांचे काही शब्द मागे राहिले. हंगेरियन भाषेत खिशाला 'झेब' म्हणतात. तुम्हांला उर्दूतील 'जेब' आठवली ना? तेथे कॉफीला 'कावे' म्हणतात. आपला 'कहवा' त्याचाच भाऊ!

टेकडी उतरली, की मार्गारेट पूल लागतो. तो ओलांडून पेस्टच्या काठाला या. समोर संसदेची भव्य इमारत दिसेल. तिचा घुमट ९६ मीटर उंच आहे.

थोडे पुढे गेल्यावर तुमचे पाय आपोआप थांबतील. नदीच्या अगदी कडेला जोडे ठेवलेले आहेत. पुरुषांचे, स्त्रियांचे, लहान मुलांचेसुद्धा! हे साठ जोड लोखंडाचे आहेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी, हिटलरला साथ देणाऱ्या एका हंगेरियन पक्षाच्या लोकांनी अनेक यहुदी लोकांना या नदीकाठी आणले. त्यांना पायांतले जोडे काढायला लावले आणि गोळ्या घातल्या. त्यांची प्रेते नदीत वाहून गेली. त्या काळी जोड्यांना किंमत होती. माणसाच्या जिवाला नव्हती. त्या निरपराध लोकांच्या आठवणीसाठी २००५ मध्ये हे स्मारक उभारले. लोक येथे फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. तुम्हीही येथे क्षणभर शांत उभे राहा.

आता पुढच्या पुलाकडे चला. हा साखळी पूल. पूर्वी येथे होड्यांचा पूल असे. हिवाळ्यात नदीत बर्फ आला, की तो काढून घेत. १८२० च्या डिसेंबरात इश्तवान सेचेनी या सरदाराचे वडील वारले. बर्फामुळे त्याला आठवडाभर नदी ओलांडता आली नाही, असे सांगतात. पुढे त्याने येथे कायमचा पूल व्हावा म्हणून खूप खटपट केली. २० नोव्हेंबर १८४९ रोजी पूल खुला झाला.

पण माणूस जसे जोडतो, तसे तोडतोही. जानेवारी १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा पूल उडवून दिला. त्या युद्धात डॅन्यूबवरचा शहरातील एकही पूल शाबूत राहिला नाही. बुडा आणि पेस्ट पुन्हा दुरावले. लोकांनी हिंमत सोडली नाही. त्यांनी साखळी पूल पुन्हा बांधला आणि २० नोव्हेंबर १९४९ रोजी, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, तो पुन्हा खुला केला!

संध्याकाळी या पुलाच्या मध्यावर उभे राहा. दोन्ही तीरांवर दिवे लागतील आणि त्यांचे प्रतिबिंब पाण्यात हलेल. मग तुम्हांला कळेल, की हे शहर केवळ सुंदर नाही. त्याने दुःख सोसले आहे, ते लपवले नाही आणि तुटलेले पुन्हा जोडले आहे. परतताना तुमचा खिसा रिकामा असला, तरी मन रिकामे नसेल. आणि मित्रांनो, आपल्या गावातल्या नदीवरही एखादा जुना पूल असेल. तो कोणी बांधला, का बांधला, हे तुम्ही कधी विचारले आहे का?

शब्दार्थ
तीर – नदीचा काठ
दरवेश – फकीर
शाबूत – न मोडलेला, चांगल्या स्थितीत असलेला
निरपराध – ज्याने गुन्हा केलेला नाही असा
माघार घेणे – मागे हटणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही शहरे केव्हा एक झाली?
(आ) साखळी पूल दुसऱ्यांदा केव्हा खुला झाला?
२. नदीकाठी लोखंडी जोडे का ठेवले आहेत?
३. 'खिसा' आणि 'पूल' हे शब्द वापरून वाक्ये तयार करा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या पुलाची माहिती मोठ्या माणसांना विचारा व पाच वाक्यांत लिहा.