८५१ बाय ३१५ ची परीक्षा

‘पोरगं दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या पेजचा कव्हर फोटो करत बसतं, ह्यानं पोट भरणार का?’ दहावी-बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न कोल्हापूरच्या कळंब्यातल्या घरांतही निघतो. कळंबा रस्त्यावर सरकारी आयटीआय आहे, शहरात पॉलिटेक्निक आहे. खात्रीचं काही समोर असताना हे खूळ कशाला, असं वडिलांना वाटतं. तीन महिन्यांत ‘ग्राफिक डिझायनर’ करून देणारे क्लासही आहेत, आणि फी भरली की काम झालं, असं मुलाला वाटतं. दोघांची चूक एकच आहे. दोघंही सॉफ्टवेअरलाच धंदा समजतात. कव्हरचं ते चिंचोळं चित्र म्हणजे करिअर नव्हे, हे वडिलांचं म्हणणं मला मान्य आहे. पण मुलाला ह्या धंद्याची बुद्धी आहे का, हे ओळखायला त्याच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

फेसबुक पेजचं कव्हर संगणकावर ८५१ बाय ३१५ पिक्सेलचं दिसतं, मोबाइलवर ६४० बाय ३६० चं. आकडे रुक्ष आहेत, पण गोम त्यांच्यातच आहे. पहिली चौकट उंचीच्या जवळजवळ पावणेतीनपट रुंद, दुसरी पावणेदोनपट. म्हणजे संगणकासाठी बेतलेलं चित्र मोबाइलवर दोन्ही कडा मिळून एक तृतीयांश कापलं जाऊ शकतं. आता समजा, करवीर तालुक्यातल्या एका गूळवाल्या कुटुंबाला कव्हर हवंय. त्यांची यादी तयार असते: अंबाबाई, आजोबांचा फोटो, गुऱ्हाळ, ढेप, पावडर, काकवी, दोन मोबाइल नंबर, ‘शुद्ध व सेंद्रिय’, वर भौगोलिक मानांकनाचं चिन्ह. नुसतं सॉफ्टवेअर शिकलेला मुलगा हे सगळं अर्ध्या तासात बसवून देतो, आणि मोबाइलवर आजोबांचा अर्धा फेटा तेवढा उरतो. डिझाइन कळणारा मुलगा आधी विचारतो, पेज बघणार कोण? गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं असेल तर त्याला फोडलेल्या ढेपेची रवाळ कड दिसली पाहिजे. मग तो ढेप आणि नाव मध्यावर घेतो, नंबर पेजच्या बटणावर टाकतो, आजोबांची वेगळी पोस्ट करतो. प्रोफाइलचं वर्तुळ जिथं कव्हरवर चढतं तो खालचा कोपरा मोकळा सोडतो. आणि मानांकनाचं चिन्ह? ते अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असलेल्यालाच लावता येतं, म्हणून ‘तुमची नोंदणी झालीय का?’ असं तो विचारतो. हा प्रश्न विचारायला कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही.

काय गाळायचं हे कळणं आपल्याकडे अवघड जातं, कारण डोळ्यांना सवय फ्लेक्सची. वाढदिवसाच्या फलकावर शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे नसले तर माणसं रुसतात. (तिथं चेहरे मोजणं हाच फलकाचा उद्देश असतो, त्यामुळे त्याला नावं ठेवण्यातही अर्थ नाही.) पण चौकातला वीस फुटी फलक आणि तळहातावरची अडीच-तीन इंचांची पट्टी यांना एकच हिशेब लावला की सगळी गिचमिड होते. मराठी मजकुराचा तिढा आणखी वेगळा. आपल्या अक्षरांना वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार. इंग्रजी अक्षरांवर बेतलेल्या तयार साच्यात दोन ओळी टाकल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. जुन्या फोटोशॉपमध्ये योग्य सेटिंग केलं नाही तर जोडाक्षरं सुटी होऊन पडतात. फॉन्टची अडचण पूर्वीसारखी राहिलेली नाही. ‘मुक्त’ आणि ‘बलू’सारखे चांगले देवनागरी फॉन्ट आज फुकट मिळतात. तरीही ‘कोल्हापुरात’ ऐवजी ‘कोल्हापूरात’ लिहिलेली कव्हरं पैशाला पासरी सापडतील. ज्या पोराला ती चूक खटकते त्याला ह्या कामात जागा आहे.

हे काम कोल्हापूरला नवं नाही. बाबूराव मिस्त्री नाटकांचे पडदे रंगवत होते. लोक त्यांना बाबूराव पेंटर म्हणू लागले आणि मूळ आडनाव मागं पडलं. पुढं त्यांनी इथंच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ केला, आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही स्वतः रंगवली. त्यांच्या १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत गणलं जातं. अख्ख्या चित्रपटातलं कोणतं एक दृश्य भिंतीवर लावलं तर रस्त्यानं जाणारा थांबेल, हे ठरवावं लागायचं. कव्हर करणाऱ्यासमोरही प्रश्न हाच आहे; बदललंय ते साधन.

‘कॅन्व्हावर हे कुणीही करतं, आता तर एआय दोन मिनिटांत चित्र काढून देतं, मग पोरानं ह्यात कशाला पडायचं?’ ही शंका रास्त आहे. नुसतं साचा उघडून नाव बदलणाऱ्याचं काम जाणार, हे मी मान्यच करतो. त्या कामासाठी फी भरणं म्हणजे पैसे पाण्यात. पण साचा गूळवाल्याला नोंदणीबद्दल विचारत नाही, आणि एआयनं काढलेल्या चित्रातली मराठी अक्षरं अनेकदा वेडीवाकडी येतात, ती ओळखायला मराठी वाचणारा डोळा लागतो. दुसरी शंका पैशांची. एका कव्हरचे पैसे किरकोळच. पण दुकानदाराला कव्हरबरोबर लोगो, पिशवी, लेबल, मेनूकार्ड, महिन्याच्या पोस्ट हेही लागतं; उत्पन्न होतं ते ह्या सगळ्याच्या जोडीनं. तेही सुरुवातीची दोन-तीन वर्षं ओढाताणीचंच. हे पालकांनी गृहीत धरावं आणि मुलापासून लपवू नये.

आपल्याकडे इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दहावीच्या वाढीव गुणांसाठी दिली जाते. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर. ह्या वाटेनं जायचं असेल तर ती खाली काढावी लागेल. कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आहेत. बारावीनंतर उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याची कला सीईटी, एनआयडी ह्या डिझाइन संस्थेसाठी डॅट, आयआयटीच्या डिझाइन पदवीसाठी यूसीड. ह्या परीक्षा सॉफ्टवेअर विचारत नाहीत. रेखाटन, निरीक्षण आणि विचार तपासतात. आयटीआयचा रस्ताही बंद होत नाही. डीटीपीसारखे अभ्यासक्रम आहेत, कळंब्याच्या आयटीआयमध्ये यंदा त्यातलं काय उपलब्ध आहे हे प्रत्यक्ष जाऊन विचारा.

त्याआधी घरच्या घरी एक करा. मुलाला ओळखीच्या एका खऱ्या दुकानाचं कव्हर करायला सांगा, मोबाइल आणि संगणक दोन्हींवर लावून बघा, आणि दुकानदाराला मनासारखे बदल सांगू द्या. ‘नाव जरा मोठं करा’ हे तिसऱ्यांदा ऐकल्यावर तो चिडून उठतो, की नाव मोठं का हवंय हे विचारून पुन्हा बसतो, याच्याकडे लक्ष ठेवा. असे पंधरा दिवस गेल्याशिवाय कुठल्याही क्लासची पावती फाडू नका.