आदिवासी मुले संगणकाच्या शिक्षणात कोठे अडतात?



येवला म्हटले की पैठणी आठवते. पण तालुक्यात गावोगावी, बहुधा गावाच्या कडेला, भिल्ल बांधवांची वस्ती असते. तेथील मुलांना संगणकाची आवडच नाही, असे कोणी म्हटले तर मला पटत नाही. बिघडलेला मोबाईल खोलून जोडणारी पोरे मी तेथे पाहिली आहेत. अडते ते दुसरीकडे.

पहिली अडचण कागदाची. अभियांत्रिकीला अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर जायचे तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतात, कारण राष्ट्रपतींचा अनुसूचित जमातींचा आदेश त्या तारखेचा आहे. आजोबा शाळेत गेले नाहीत, जमीन नावावर नाही आणि हंगामात बिऱ्हाड ऊसतोडीला. अशा घराने तो कोठून आणावा? बारावी विज्ञान झालेल्या एका मुलीसाठी आम्ही दोन महिने फिरलो. शेवटी पणजोबांच्या घरातील जन्माची नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये, मोडी लिपीत सापडली. मग मोडी वाचणारा शोधा!

शिवाय पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, येवला नाही. त्यामुळे ‘पेसा’ भागातील स्थानिक भरतीची सवलत येथील भिल्लांना मिळत नाही, जमात तीच असली तरी.

शिक्षण झाले तरी पुढे नोकरी आहेच. 2005 च्या 93 व्या घटनादुरुस्तीने खासगी महाविद्यालयांतही राखीव जागांची वाट मोकळी झाली. नोकरीचे तसे नाही. कलम 16 चे आरक्षण सरकारी नोकरीपुरते. हिंजवडीच्या कंपन्यांना ते लागू नाही. तेथे मुलाखत इंग्रजीत. घरी भिल्ली, शाळेत मराठी आणि हुशारी दाखवायची ती तिसऱ्याच भाषेत! त्यातून पुष्कळ जागा आतल्या कर्मचाऱ्याच्या शिफारशीने भरतात. वस्तीत शिफारस करणारा कोण आहे? माझ्या मते हीच सर्वांत मोठी भिंत, कारण ती कोणत्या जाहिरातीत लिहिलेली नसते.

आपल्या मंडळ्यांतील अनेकांची मुले अशा कंपन्यांत आहेत. त्यांनी महिन्यातून एक शनिवार, फोनवर का होईना, सरावाची मुलाखत घेतली तरी पुष्कळ होईल. त्या मुलीचा प्रस्ताव तपासणी समितीकडे दिला आहे. प्रवेशाच्या मुदतीआधी प्रमाणपत्र हाती येण्याची आम्ही वाट पाहत आहोत.