घोड नदीच्या उगमाकडची माणसे
(भूगोल विभाग – इयत्ता ७ वीची एक विद्यार्थिनी)



वर्षावन म्हटले की पुस्तकात ॲमेझॉनचे नाव येते, काँगोचे येते. पण बारा महिने हिरवे राहणारे दाट रान आपल्या पुणे जिल्ह्यातसुद्धा आहे. माझे बाबा जिल्हा परिषदेचे शिक्षक. त्यांची नोकरी आंबेगाव तालुक्यात होती तेव्हा पहिली ते चौथी मी आहुप्याच्या बाजूच्या एका वाडीत शिकले. बदली झाली आणि आम्ही इंदापूर तालुक्यात आलो. इथल्या मैत्रिणी मला सारख्या विचारतात, "तिकडं वाघ होता का गं?" वाघ नव्हता, बिबट्या होता. पण बिबट्यापेक्षा सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

आपल्याकडून पुणे, मंचर, घोडेगाव, डिंभे असे करत जावे लागते. डिंभे धरणाच्या पाण्याकडेने रस्ता वळत वळत चढतो आणि आहुप्याला जमीन संपते. पुढे एकदम कडा! कड्यावरून खाली कोकण दिसते, गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात. आहुपे घाटाची पायवाट उतरली की ठाणे जिल्ह्यातला मुरबाड तालुका लागतो.

अरबी समुद्रावरून येणारे ढग या कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. भीमाशंकरच्या डोंगरात वर्षाला शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो. आपल्या इंदापूर-बारामतीला साधारण वीस इंच, तोही पडला तर. आपण पर्जन्यछायेत आहोत असे गुरुजी शिकवतात, ती छाया ज्या डोंगराची पडते तोच हा डोंगर.

पाऊस किती, ते आकड्यावरून कळत नाही. जून सरता सरता धुके जे उतरते ते वर्गातही शिरते. पहिल्या रांगेतल्या मुलांनासुद्धा फळा दिसत नसे. दप्तरातल्या वह्यांना बुरशी येई. कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळत, म्हणून आम्हा सगळ्यांच्या अंगाला धुराचा वास! काडेपेटी सादळू नये म्हणून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायची. वीज गेली की कधीकधी चार-चार दिवस येत नसे.

तिथली वस्ती बहुतेक महादेव कोळी समाजाची. जुन्या घरांच्या भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून वर शेणमातीचा गिलावा. हीच कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि डोंगर जांभळा होतो. शेती भाताची. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसात रोपे उपटून चिखलात आवणी करायची. उतारावर नाचणी आणि वरई. आवणीच्या दिवसांत वर्गात निम्मी मुले नसत आणि बाबा त्यांना रागावत नसत, कारण घरात हात कमी असले तर ते भात कोण लावणार?

आता एक गोष्ट पालकांनी मुद्दाम वाचावी. घोड नदी या आहुप्याच्या डोंगरात उगम पावते. ती डिंभे धरणातून खाली येते आणि पुढे भीमेला मिळते. भीमा तर भीमाशंकरचीच. ते पाणी उजनीत साठते आणि मोटारी लावून आपल्या उसाला जाते. म्हणजे आपला ऊस त्या पावसावर उभा आहे. आणि जिथे तो पडतो तिथल्या बायका एप्रिल-मे महिन्यात हंडे घेऊन दरीत उतरतात! हे मला सुरुवातीला खरेच वाटेना. बाबांनी समजावले, की डोंगरावर मातीचा थर पातळ, खाली काळा फत्तर, आणि उतार मोठा. पाणी मुरायला थांबतच नाही. जिथे दाट झाडी आहे तिथला पालापाचोळा थोडे पाणी धरून ठेवतो आणि झरे उशिरापर्यंत चालतात. शेवटी झऱ्याच्या खड्ड्यातून वाटी-वाटीने हंडा भरावा लागतो. खाली धरण डोळ्यांना दिसत असते, पण ते पाणी चढवून वर आणायचे म्हणजे खर्च.

धरणाचे दुःख आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना सांगायला नको. आपले जुने पळसदेव उजनीत गेले, पाणी आटले की देऊळ वर दिसते. तसेच जुने आंबेगाव डिंभ्याच्या पाण्यात गेले. तालुक्याला नाव उरले, कचेऱ्या मात्र घोडेगावला.

रोख पैसा येतो तो हिरड्याचा. हिरड्याची कोवळी फळे काढून वाळवली की तो बाळहिरडा. औषधाला आणि कातडे कमावायला लागतो. घरातली माणसे झाडावर चढतात, मुले खाली वेचतात. फांदी मोडून हात-पाय मोडलेली माणसे मी पाहिली आहेत. दुकानातली वर्षाची उधारी हिरड्यावर फिटते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा हिरड्याची झाडे मुळासकट पडली. भाताचे पीक गेले तर पुढच्या साली पुन्हा येते, पण हिरड्याचे झाड फळाला यायला किती वर्षे जातात! आमच्या शेजारची आजी पडलेल्या झाडाजवळ जाऊन नुसती बसली होती. तिच्या सासऱ्याच्या हातचे झाड होते ते.

आहुप्याला भैरवनाथाची देवराई आहे. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी सरपणाला आणत नाही. गारंबीचे वेल तर माणसाच्या मांडीएवढे जाड, आणि शेंगा हातभर लांब. उंच फांद्यांवर शेकरू घरटे करते. शेकरू म्हणजे तांबूस, झुपकेदार शेपटीची मोठी खार, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तिच्यासाठी १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झाले, सुमारे १३० चौरस किलोमीटरचे. मे महिन्याच्या शेवटी काजव्यांनी झाडेच्या झाडे लुकलुकतात. ते सांगायला गेले की इथे कोणी खरे मानत नाही.

आजारपण मात्र वाईट. मी तिसरीत असताना भर पावसात शेजारच्या वहिनींना रात्री कळा सुरू झाल्या. ओढ्याला पूर, गाडी पलीकडे. घोंगडीची झोळी बांबूला बांधून चार माणसांनी डोली केली. बाबा पुढे कंदील घेऊन होते. ओढ्यात कमरेइतके पाणी. जवळच्या दवाखान्यात पोचले तर डॉक्टर नाहीत, मग आणखी पुढे जावे लागले. उजाडता उजाडता मुलगा झाला. वाडीत नंतर सगळे हसून सांगायचे, पण आई त्या रात्री देवापुढून उठली नव्हती.

माळीण हे नाव पालकांना आठवत असेल. तेही याच तालुक्यातले. ३० जुलै २०१४ च्या सकाळी सततच्या पावसाने डोंगराचा कडा सुटला आणि गाव गाडले गेले. १५१ माणसे गेली. नेहमीची एसटी घेऊन आलेल्या चालकाला समोर गावच दिसेना, त्यातून बाहेर खबर लागली. उतारावरची माती फार पाणी प्याली की जड होते आणि खडकावरून घसरते. म्हणून आमच्या वाडीत पावसाळ्यात म्हातारी माणसे रोज वर फिरून यायची. जमिनीला भेग पडली का, झाड कलले का, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले का, हे बघायची. शाळेत आम्हालाही ते पाठ होते, पाढ्यांसारखे.

चौथीपुढे तिथली बरीच मुले आश्रमशाळेत राहायला जातात. माझी बाकावरची मैत्रीण गेली. तिचे पत्र आले आहे. "तुमच्या उजनीत आमचं पाणी पोचलं का?" असे तिने विचारले आहे. ऑगस्टमध्ये धरण भरले तेव्हा मी तिला कळवले, पोचलं.

विज्ञान कोपऱ्यात गारंबीची एक बी आणि मूठभर बाळहिरडा ठेवला आहे. हिरडा चाखून बघायला हरकत नाही, तुरट लागेल. बी मात्र एकच आहे. बघून झाली की जागेवर ठेवावी, खिशात घालू नये.